क्लिव्हडन हाउसची वास्तू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या पश्चिमेकडे राहणाऱ्या मराठी मंडळींकडे पाहुणे आले की विंडसरचा किल्ला ठरलेलाच असतो. तो पाहून झाला की जवळपास आणखी काय, असा प्रश्न येतो आणि बऱ्याचदा गाडी क्लिव्हडनकडे वळते. तिथे पोचल्यावर जे प्रश्न हमखास निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. हॉटेलचं भाडं, चहाचा मेनू, खोल्यांची नावं हे इथे मिळणार नाही. हे पान घराच्या बांधणीबद्दल आहे.

क्लिव्हडन नेमकं आहे कुठे? रॉबर्ट क्लाइव्हचं घर ते हेच का?

बकिंगहॅमशर परगण्यात, टॅप्लो गावाजवळ, टेम्स नदीच्या काठावर उठलेल्या खडूच्या उंच कड्यावर. नदी घराच्या सुमारे ४० मीटर खाली वाहते. क्लाइव्हशी याचा काडीचाही संबंध नाही. हिंदुस्थानातून गडगंज होऊन परतलेल्या क्लाइव्हने घेतलं ते सरे परगण्यातलं क्लेअरमाँट. उच्चार 'क्लिव्हडन' असा ऱ्हस्व करा, म्हणजे रस्ता विचारताना घोटाळा होणार नाही.

घर किती जुनं आहे?

कुठल्या भागाबद्दल विचारताय त्यावर अवलंबून आहे. या एकाच जागेवर आजवर तीन घरं उभी राहिली आणि त्यांतली दोन जळून गेली.

पहिलं घर बकिंगहॅमचा दुसरा ड्यूक जॉर्ज व्हिलियर्स याने १६६० च्या दशकात काढलं. वास्तुविशारद होता विल्यम विंड. पुढे ते लॉर्ड ऑर्कनी या सेनापतीकडे गेलं आणि त्याने १८ व्या शतकाच्या सुरुवातीला टॉमस आर्चर याच्याकडून दोन्ही बाजूंना पंख जोडून घेतले. १७९५ मध्ये मधलं घर जळालं. मोलकरणीच्या हातची मेणबत्ती कलंडली असं सांगतात. त्यानंतर पाव शतकाहून जास्त काळ मधली जागा पडीकच होती. १८२४ च्या सुमारास सर जॉर्ज वॉरेंडर याने विल्यम बर्न या स्कॉटिश वास्तुविशारदाकडून दुसरं घर बांधून घेतलं. ते १८४९ मध्ये जळालं, तेही सदरलंडच्या ड्यूकने विकत घेतल्यावर काही महिन्यांतच. आगीचा धूर विंडसरच्या किल्ल्यावरून दिसला आणि राणी व्हिक्टोरियाने तिथले बंब पाठवले, अशी हकिगत आहे. बंबांचा उपयोग फारसा झाला नाही.

आज दिसतं ते तिसरं घर, १८५१ चं. बांधलं चार्ल्स बॅरीने. त्यामुळे एखादा मार्गदर्शक '१७ व्या शतकातला महाल' म्हणाला तर मान डोलवा आणि पायाकडे बघा, कारण त्याचं म्हणणं फक्त तिथेच खरं आहे.

पाया म्हणजे काय? दोन आगींतून तो वाचला कसा?

घराच्या दक्षिणेला, बागेच्या बाजूला उतरून मागे वळा. घर जमिनीवर उभं नाही, एका प्रचंड विटांच्या चौथऱ्यावर उभं आहे. सुमारे १२० मीटर लांब, ६ मीटर उंच, समोरून कमानींची ओळ. हा विंडचा मूळ चौथरा. घराच्या समोरून, म्हणजे उत्तरेकडून येणाऱ्या गाडीवाल्याला तो दिसतच नाही. बरेच जण चहा पिऊन, फोटो काढून परत जातात आणि घराचा सर्वांत जुना भाग न बघताच जातात.

आगीत तो वाचला याचं कारण साधं आहे. आग खाते ते लाकूड: तुळया, तक्तपोशी, जिने, छताचा सांगाडा. भरीव विटांच्या कमानींमध्ये जळण्यासारखं काही नसतं. शनिवारवाड्याचं हेच झालं. १८२८ च्या आगीत वरचे लाकडी मजले गेले आणि तटबंदी, बुरूज, जोती उरली. फरक एवढाच, की तिथे जोत्यावर पुन्हा काही चढलं नाही, इथे दोनदा चढलं.

अशा चौथऱ्याचा खरा शत्रू पाणी. वरची गच्ची उघडी असते, फरशीच्या सांध्यांतून पावसाचं पाणी आत झिरपतं, विटांमधला चुना धुऊन नेतं, आणि थंडीत ते पाणी गोठलं की विटेचा पापुद्राच सुटतो. इंग्लंडातल्या वास्तूंना आगीपेक्षा हा रोजचा ओलावाच जास्त महागात पडतो. अलीकडच्या काळात या चौथऱ्याची जी मोठी डागडुजी झाली, तिचा बराचसा खटाटोप पाण्याला वाट काढून देण्याचाच होता. बघायला येणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही, हे चांगल्या डागडुजीचं लक्षण आहे.

चार्ल्स बॅरी म्हणजे लंडनच्या संसदेची इमारत बांधणारा तोच ना? मग हे घर तसं का दिसत नाही?

तोच. वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्याचं काम चालू असतानाच त्याने क्लिव्हडन केलं. संसदेसाठी टोकदार गॉथिक किंवा एलिझाबेथकालीन वळण ही स्पर्धेची अट होती. बॅरीचं मन मात्र इटलीत होतं. लंडनमधला त्याचा रिफॉर्म क्लब बघा, रोममधल्या फार्नेझे महालाशी त्याचं नातं लगेच लक्षात येतं. क्लिव्हडनमध्ये त्याने १६ व्या शतकातल्या रोमन महालांचं वळण आणि इंग्लंडात मुरलेली पॅलाडियो या इटालियन वास्तुविशारदाची शिस्त यांची सांगड घातली.

ही सांगड डोळ्यांनी ओळखायची तर बागेच्या मधोमध उभे राहा. मधून रेघ मारली तर डावी-उजवी बाजू एकमेकींचं प्रतिबिंब. तळमजला जड, वरचे मजले भिंतीतून किंचित पुढे आलेल्या उभ्या पट्टखांबांनी बांधलेले. तिसऱ्या मजल्यानंतर उतरतं छप्पर दिसत नाही, कठडा दिसतो, त्यावर कलश. पावसाच्या देशात सपाट छप्पर हा शुद्ध हट्ट आहे. पण इटालियन महालाला कौलारू टोपी शोभत नाही, म्हणून तो केला, आणि पाणी अडवायला शिसं पसरलं. शिशाचे पत्रे उन्हाने फुगतात, थंडीने आकसतात, म्हणून ते लहान तुकड्यांत घालून सांधे दुमडावे लागतात. एकसंध मोठा पत्रा काही वर्षांतच तडकतो. १९८० च्या दशकात हे छप्पर नव्याने घातलं गेलं. ते माणसांनी वर फिरावं असंच आखलेलं आहे आणि तिथून विंडसरचा किल्ला दिसतो.

मला विचाराल तर बॅरीचं हे काम संसदेपेक्षा सरस आहे. संसदेच्या इमारतीचा कपडा, म्हणजे तिची गॉथिक सजावट, प्यूजिन या वास्तुविशारदाने शिवला. इथे जे आहे ते बॅरीच्या स्वतःच्या आवडीचं.

भिंती कुठल्या दगडाच्या आहेत?

कुठल्याच नाहीत. आत विटा आहेत आणि वरून गिलावा. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि उत्तराने सर्वांत जास्त निराशाही होते, म्हणून थोडं सविस्तर.

गिलाव्याचं नाव 'रोमन सिमेंट', पण त्याचा रोमशी संबंध फक्त जाहिरातीपुरता. जेम्स पार्कर नावाच्या इंग्रजाने १७९६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. टेम्सच्या मुखाजवळच्या चिकणमातीत चुनखडीचे गोटे सापडतात. ते भाजून दळले की तपकिरी पूड मिळते. तिच्यात पाणी घातलं की मिनिटांत घट्ट होते आणि ओल्यातही टिकते. कालवलेलं संपवायला गवंड्याला घाई करावी लागे, पण कोपरे, पट्ट्या, दगडाचे खोटे सांधे धारदार निघत. घडीव दगडाचा खर्च टाळून दगडाचा थाट मिळवण्याचा १९ व्या शतकातला हा लाडका उपाय. कठड्याचे खांब, खांबांचे माथे, कमानीच्या मधल्या कळा आणि टोकावरचे कळस तर भाजलेल्या मातीचे, म्हणजे टेराकोटाचे आहेत. साच्यातून काढलेले, त्यामुळे सगळे सारखे.

ही फसवणूक आहे का? तशी आहे. पण देशातल्या श्रीमंतांपैकी एक असलेल्या ड्यूकने ती उघडपणे केली, आणि सव्वाशे-दीडशे वर्षं ती टिकली. ताप होतो तो नंतरच्या लोकांनी आधुनिक पोर्टलंड सिमेंटने ठिगळं मारली तर. ते जास्त कडक आणि बंद असतं; मागचा ओलावा बाहेर पडू देत नाही, आणि शेवटी ठिगळ तसंच राहतं, आजूबाजूचा जुना गिलावा सुटतो. आपल्याकडे चुन्याच्या जुन्या भिंतींवर सिमेंट थापणाऱ्यांना हे ऐकवायला हरकत नाही.

कठड्याखाली घराभोवती अक्षरं कोरलेली दिसतात. काय लिहिलंय?

लॅटिन आहे. चारही बाजूंनी पट्टीसारखं फिरतं आणि घराचा इतिहास सांगतं. एका बाजूला वास्तुविशारद म्हणून बॅरीचं नाव आणि १८५१ साल आहे. मजकूर तयार केला विल्यम ग्लॅडस्टनने, जो पुढे चार वेळा पंतप्रधान झाला. त्याचा सदरलंड घराण्याशी घरोबा होता. पूर्ण वाचायचं तर घराला प्रदक्षिणा घालावी लागते आणि मान दुखते.

घड्याळाचा मनोरा इतका नटवा का आहे?

कारण ती पाण्याची टाकी आहे. १८६१ मध्ये हेन्री क्लटन याने सुमारे ३० मीटर उंच मनोरा बांधला. टेकाडावरच्या घराला पाणी वर चढवून साठवायचं, मग ते स्वतःच्या वजनाने नळांत उतरणार. टाकी उघडी ठेवणं त्या काळच्या खानदानी डोळ्यांना सोसलं नसतं, म्हणून तिला घड्याळ लावलं, नक्षी केली. टोकावरची सोनेरी पंखांची मूर्ती पॅरिसमधल्या एका स्तंभावरच्या ओग्युस्त द्युमाँच्या शिल्पाची प्रत आहे. सध्याची प्रत २१ व्या शतकातली.

आत गेल्यावर एवढा अंधार का वाटतो? बाहेरून तर घर उजळ आहे.

कारण दाराबाहेर बॅरी आहे आणि दाराआत दुसराच माणूस.

१८९३ मध्ये विल्यम वॉल्डॉर्फ ॲस्टर या अमेरिकी धनाढ्याने घर विकत घेतलं. बॅरीने आत चौकोनी प्रवेशदालन, सकाळी बसायची खोली आणि वेगळा जिना असे तीन भाग केले होते. ॲस्टरला त्यात रुबाब दिसेना. त्याच्या सांगण्यावरून फ्रँक पिअर्सन याने मधल्या भिंती काढून तिन्हीचं मिळून एक भलंमोठं दालन केलं आणि भिंती, छत सगळं इंग्लिश ओकच्या लाकडाने मढवलं. ओक नवा असताना मधाच्या रंगाचा असतो, मग दशकानुदशकं गडद होत जातो. तो अंधार निम्मा लाकडाच्या वयाचा आहे.

या दालनात घाई करू नका. शेकोटीपासून सुरुवात करा. ती १६ व्या शतकातली, फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातल्या एका पाडल्या जाणाऱ्या वाड्यातून विकत आणलेली. तिच्या एका बाजूला नॅन्सी ॲस्टरचं जॉन सिंगर सार्जंटने काढलेलं चित्र आहे. ही ॲस्टरची सून, १९१९ मध्ये ब्रिटिश संसदेत प्रत्यक्ष आसन घेणारी पहिली स्त्री. घराच्या वास्तूवरही तिने हात चालवला: सासऱ्याने ठेवलेल्या मिंटन कारखान्याच्या रंगीत फरश्या तिने १९०६ मध्ये उखडून टाकल्या आणि साधी दगडी फरशी घातली. चांगलं केलं. वर एवढी कोरीव गर्दी असताना पायाखाली शांतता हवीच होती.

मग जिन्याकडे या. जिन्याच्या कठड्याच्या प्रत्येक वळणावर जो जाड खांब असतो, त्याच्या माथ्यावर एकेक लाकडी माणूस उभा आहे. डब्ल्यू. एस. फ्रिथ या शिल्पकाराने कोरलेले हे घराचे जुने मालक. हाताच्या उंचीवर असल्याने केसांच्या बटा, झग्याच्या चुण्या, बुटांच्या टाचा अगदी जवळून बघता येतात. ॲस्टर ज्यांच्या वंशातला नव्हता, त्यांना त्याने स्वतःच्या जिन्यावर पूर्वजांसारखं बसवलं. नव्या पैशाने जुनं घर घेतल्यावर काय काय करावं लागतं, ते या जिन्याइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही.

जिना चढताना वर बघा. छतावर फ्रेंच चित्रकार ओग्युस्त एर्व्ह्यू याने सदरलंडच्या मुलांना चार ऋतूंच्या रूपात रंगवलं आहे. बॅरीच्या वेळच्या अंतर्भागातलं एवढंच शिल्लक आहे.

जेवणाच्या खोलीत एकदम फ्रेंच सोनेरी सजावट कशी?

ती खोली अक्षरशः फ्रान्समधून आली. पॅरिसजवळच्या आनिएरच्या महालातलं १८ व्या शतकातलं लाकडी आवरण १८९७ मध्ये पॅरिसमध्ये विक्रीला आलं. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई आणि त्याची प्रेयसी मादाम द पाँपादूर यांचा शिकारीच्या निमित्ताने त्या महालात वावर असे. आवरणाची मापं क्लिव्हडनच्या या खोलीला जवळजवळ बसतात हे ॲस्टरच्या लक्षात आलं आणि त्याने ते उचललं.

फिक्या निळसर-हिरव्या पार्श्वभूमीवर सोनेरी कोरीवकाम आहे. लांबून नुसत्या वेली दिसतात. जवळ गेलात की ससे, रानकोंबडे, शिकारी कुत्रे आणि बंदुका सापडू लागतात. लहान मुलं बरोबर असतील तर कुत्रे मोजायला लावा, मोठ्यांना तेवढाच निवांतपणा.

याच मजल्यावरच्या ग्रंथालयाला देवदाराचं आवरण आहे. ॲस्टर कुटुंब त्याला चिरुटाची पेटी म्हणायचं.

बागेतला दगडी कठडा रोमचा आहे हे खरं का?

खरं. चौथऱ्याखालच्या हिरवळीच्या कडेला असलेला हा कठडा १७ व्या शतकाच्या सुरुवातीला रोममधल्या व्हिला बोर्गेझेसाठी घडवला होता. ॲस्टरने १८९६ मध्ये तो विकत घेऊन इथे आणला. ट्रॅव्हर्टाइन दगड, विटांचा वापर, मधे कोरलेले गरुड. हा मात्र खरा दगड. ट्रॅव्हर्टाइनला निसर्गतःच बारीक छिद्रं असतात, बोट फिरवलं की कळतं.

त्या छिद्रांमधून एक पाहुणा विनापासपोर्ट आला. २००४ मध्ये कठड्याची साफसफाई चालू असताना सेंटिमीटरभर लांबीच्या, निमुळत्या शंखाच्या गोगलगायी सापडल्या. तपासणीत ती भूमध्य समुद्राकाठची जात निघाली. दगडाबरोबर आली आणि शंभरावर वर्षं इथेच सुखाने नांदते आहे. गोगलगायींना धक्का लागू नये म्हणून आता साफसफाई सांभाळून करावी लागते. कठड्यापेक्षा मला त्यांचंच जास्त कौतुक वाटतं.

बागेतल्या बाकीच्या इमारतींचं काय?

दोन चुकवू नका. जाकोमो लिओनी या व्हेनिसहून आलेल्या वास्तुविशारदाचा ब्लेनहाइम मंडप आणि त्याचंच १७३५ चं अष्टकोनी मंदिर. मंदिर म्हणजे आपल्या अर्थाने देऊळ नव्हे. कड्यावर बसून चहा पीत नदी बघायची जागा होती. ॲस्टरने तिचं आधी प्रार्थनागृह आणि मग कुटुंबाचं समाधिस्थान केलं. घराच्या दक्षिणेचे त्रिकोणी वाफे १८५० च्या दशकात जॉन फ्लेमिंग या माळ्याने आखले. ते चौथऱ्यावरून खाली बघण्यासाठी आहेत. वाफ्यांत उभं राहून काही कळत नाही.

खाजगी घराचं हॉटेल का झालं? पैसे संपले?

ॲस्टरांचे इतक्यात संपले नसते, पण असं घर चालवणं कुणालाच परवडेनासं झालं होतं. १८७० च्या दशकापासून अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागलं आणि इंग्लंडातल्या जमीनदारांचा खंड घसरला. १८९४ पासून वारसा कर जड झाला. पहिल्या महायुद्धाने वारस नेले आणि नोकरही, कारण कारखान्यातली पगारी नोकरी चाखलेला तरुण पुन्हा चांदी पुसायला येईना. विसाव्या शतकात इंग्लंडात शेकडो घरं पाडली गेली. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने पाडलेल्या घरांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा कुठे लोकांना धक्का बसला.

१९३७ च्या कायद्याने नॅशनल ट्रस्ट या संस्थेला घरं स्वीकारायची वाट खुली झाली: घर आणि देखभालीचा निधी ट्रस्टला द्या, कुटुंबाने तिथेच राहावं. ॲस्टरांनी १९४२ मध्ये क्लिव्हडन असंच दिलं, सोबत अडीच लाख पौंडांचा निधी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कुटुंबाने घर सोडलं. मग १९८३ पर्यंत अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ तिथे वर्ग घेत होतं. त्यानंतर एका हॉटेल कंपनीने भाडेपट्टा घेतला आणि १९८६ मध्ये हॉटेल सुरू झालं.

म्हणजे हॉटेलवाले मालक नाहीत?

नाहीत. मालक नॅशनल ट्रस्ट. हॉटेल दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर आहे. पट्टा हातोहात फिरला, घर फिरलं नाही. १९०७ च्या कायद्यानुसार ट्रस्ट एखादी मालमत्ता 'अहस्तांतरणीय' जाहीर करू शकतो, मग ती संसदेच्या संमतीशिवाय विकता येत नाही. माझ्या मते जुन्या वास्तूचं हॉटेल करायचंच असेल तर ही रचना उत्तम. पैसा हॉटेलचा, अंतिम शब्द संस्थेचा. उलट मालकच हॉटेलवाला असला की दर दहा वर्षांनी नव्या व्यवस्थापकाला लॉबीचा रंग बदलायची हुक्की येते.

हॉटेल करताना नेमकं काय बदललं?

बाहेरून जवळजवळ काही नाही. ट्रस्टने बाहेरचा भाग आणि छप्पर दुरुस्त केलं, हॉटेलने आतला भाग. पश्चिमेच्या पंखात पूर्वी घरकामाच्या खोल्या होत्या. १९९० च्या दशकात तिथेही पाहुण्यांच्या खोल्या आणि बैठकीची दालनं झाली.

अवघड काम असतं ते न दिसणारं. अशा घरांत झोपायच्या खोल्या मोजक्या आणि प्रशस्त, न्हाणीघरं त्याहून मोजकी. आजच्या पाहुण्याला प्रत्येक खोलीला जोडून न्हाणीघर हवं. शेजारच्या कपडे बदलायच्या लहान खोल्या अशा वेळी कामी येतात. तशी खोली नसेल तर मोठ्या खोलीत आडोसा उभा करावा लागतो आणि मग छताची नक्षी मधूनच कापली जाते. जुन्या घरांच्या हॉटेलांत हे दृश्य नेहमीचं आहे. पाण्याचे नळ, विजेच्या तारा, धुराची सूचना देणारी यंत्रणा हे सगळं जुन्या धुरांड्यांतून आणि फरशीच्या फळ्यांखालून न्यायचं. काम असं करायचं की पुढे कुणी ते काढलं तर मूळ भिंत जशीच्या तशी मिळावी.

खिडक्यांचं उदाहरण घ्या. वर-खाली सरकणाऱ्या झडपांच्या या सॅश खिडक्यांच्या चौकटीत दोन्ही बाजूंना पोकळी असते, तिच्यात दोरीला टांगलेली वजनं असतात. झडप आणि वजन समतोल असले की बोटाने खिडकी उचलते. २०१३ च्या सुमारास अशा सुमारे ३०० खिडक्या दुरुस्त झाल्या. नव्या बसवणं सोपं होतं, पण जुन्या मुरलेल्या लाकडाची सर नव्याला येत नाही, म्हणून कुजलेला तुकडाच कापून तिथे नवा सांधायचा. सुताराला वेळ लागतो, बिलही मोठं होतं.

'ग्रेड १' म्हणजे काय?

इंग्लंडातल्या संरक्षित इमारतींची सर्वांत वरची श्रेणी. एकूण यादीतल्या साधारण अडीच टक्के इमारतीच तिच्यात आहेत. क्लिव्हडन त्यांत आहे. संरक्षण बाहेरच्या भिंतींपुरतं नसतं, आतल्या जिन्यालाही लागू होतं. दार हलवायचं तरी परवानगी लागते आणि परवानगीशिवाय केलं तर तो फौजदारी गुन्हा.

तो गाजलेला पोहण्याचा तलाव अजून आहे का?

आहे, भिंतींनी वेढलेल्या बागेत. जुलै १९६१ मध्ये ब्रिटनचे युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो आणि क्रिस्टीन कीलर ही तरुण मॉडेल यांची भेट इथे झाली, त्यातून प्रेमप्रकरण जुळलं, आणि ते बाहेर येऊन दोन वर्षांनी मंत्र्यांचं पद गेलं. वास्तू म्हणून तलावात बघण्यासारखं काही नाही. तरी सगळे बघतात.

अंबानींनी घेतलेलं घर ते हेच ना?

नाही, पण जवळच आहे. रिलायन्सने एप्रिल २०२१ मध्ये ५ कोटी ७० लाख पौंडांना घेतलं ते स्टोक पार्क, स्लाउच्या पलीकडे. तेही याच परगण्यात, तेही जुनं घर, क्लब आणि हॉटेल म्हणून चालत आलेलं. त्यामुळे गोंधळ समजण्यासारखा आहे. वास्तू मात्र वेगळी. पेन्सिल्व्हेनियाच्या संस्थापकाचा नातू जॉन पेन याच्यासाठी जेम्स वायटने १८ व्या शतकाच्या शेवटी ते घडवलं. घुमट, खांबांच्या रांगा, पांढरा रंग. मुंबईच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसलेल्यांना ते लगेच ओळखीचं वाटेल. दुसरा मोठा फरक मालकीचा: स्टोक पार्क खाजगी आहे, क्लिव्हडन ट्रस्टचं.

मुक्काम न करता घर आतून बघता येतं का?

बाग नॅशनल ट्रस्टच्या तिकिटावर बघता येते, सदस्यांना तिकीट लागत नाही. घराचा आतला भाग ठरावीक दिवशी, मर्यादित वेळेत आणि मोजक्या खोल्यांपुरताच दाखवतात. दिवस बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी ट्रस्टच्या संकेतस्थळावर बघून घ्या. एरवी हॉटेलात चहासाठी जागा राखली तर दालन बघायला मिळतं, खिशाला थोडी चाट बसते इतकंच.

एकच दुपार हाताशी आहे. कुठून सुरुवात करू?

उलट्या बाजूने. गाडी लावली की घराकडे जाऊ नका; बागेतून खाली उतरून वाफ्यांच्या टोकापर्यंत चालत जा आणि तिथून परत फिरा. आधी रोमन कठडा लागेल, मग विंडचा चौथरा, त्यावर बॅरीचं घर, शेवटी दार उघडल्यावर ॲस्टरचं ओकचं दालन. १७ व्या शतकापासून १९ व्यापर्यंत जवळजवळ क्रमाने चढत जाता. क्रम मोडतो तो फक्त आयात केलेला कठडा. पावसाळी बूट घाला, खालची पायवाट निसरडी असते.